भुट्ट्याची पहिली ओळ

गॅसवर भुट्टा भाजणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. त्यांच्याकडे मी जेवते, चहा पिते, त्यांच्या लेकीबाळींच्या लग्नांना जाते. पण कोणी गॅसवरचा भुट्टा पुढे केला की 'आत्ताच खाऊन आले' असं खुशाल खोटं बोलते. गॅसवर भुट्टा भाजत नाही, नुसता काळा होतो. वरचा दाणा जळतो आणि आतला कच्चाच राहतो. हे मत खरं तर माझं नाही, माझ्या बाबांचं आहे. त्यांची बाकीची सगळी मतं मी भांडभांडून खोडून काढली, हे एक तेवढं राहिलं.

आम्ही नागपूरला धरमपेठेत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. बाबा, आई, मी आणि धाकटी बहीण. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, पण मूळचे सावनेरकडच्या शेतकरी घरातले. शेत भावांच्या वाट्याला गेलं आणि शिकले म्हणून बाबांच्या वाट्याला नोकरी आली. ते दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मागच्या अंगणात मोरीच्या पाण्यावर चार ओळी मका लावून ते मोकळे व्हायचे. मृग लागला की कचेरीतून आल्या आल्या पँटचे पाय दुमडायचे, बनियनवर उभे राहायचे आणि स्वयंपाकघरात टांगलेलं बियाण्याचं कणीस उतरवायचे. मागल्या वर्षीचं सगळ्यात भरदार कणीस ते बियाण्यासाठी ठेवत, सालं मागे ओढून त्यांची वेणी घालून. पुढच्या बंगल्यातले लोक हसायचे. बाबा त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "हसा बापा हसा. पोळ्याले मांगाले येसान तवा पाहतो."

पोळ्याच्या आसपास पहिलं कणीस तयार व्हायचं. ते झालं की नाही हे ठरवायचा अधिकार फक्त बाबांचा. कणसाचे केस वाळून तपकिरी झाले की ते साल थोडं बाजूला करून दाण्यात नख रोवायचे. पाणी आलं तर थांबायचं, दूध आलं तर तोडायचं. काहीच आलं नाही तर गेलं कोंबड्यांना, म्हणजे उशीर झाला. मग अंगणात सिगडी पेटायची. रोजच्या सिगडीत दगडी कोळसा असायचा, पण त्याचा वास भुट्ट्याला लागतो म्हणून त्या दिवशी सिगडी झाडून बाभळीचा लाकडी कोळसा भरायचा. आधी दोन सालं ठेवून भुट्टा निखाऱ्याच्या कडेला वाफवायचा, मग सालं मागे ओढून त्यांचीच मूठ करायची आणि दाणे उघडे धरायचे. सतत फिरवत राहायचं. दाणे फुटायला लागले की मिठातिखटात बुडवलेलं लिंबू त्यावरून चोळायचं. एवढं सगळं करताना कोणी मध्ये बोललं तर बाबा चिडायचे. मी त्यांच्यावरच गेले आहे.

आणि मग ती पहिली ओळ. बाबांच्या गावी रीत होती म्हणे, पेरणाऱ्याचा दात पहिला. ज्यानं बी मातीत टाकलं त्यानंच नव्या कणसाला पहिल्यांदा दात लावायचा. बाबा भुट्टा आडवा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ओळ खायचे, शेजारच्या ओळीतल्या दाण्याला धक्कासुद्धा लागू न देता. डोळे मिटून चावायचे. आम्ही तिघी श्वास रोखून त्यांच्या जबड्याकडे बघत बसायचो. मग ते म्हणायचे, "जमलं." तेवढं झालं की तोच भुट्टा आईकडे जायचा. ती दुसरी ओळ खायची, मग मी, मग बहीण. एरवी आमच्याकडे उष्ट्याखरकट्याचं एवढं सोवळं की बहिणीनं माझ्या पेल्यातलं पाणी प्यायलं तरी आई पेला घासायला टाकायची. पण तो एक भुट्टा चार तोंडांतून फिरायचा आणि आई हसत हसत तो बाबांच्या हातून घ्यायची. त्या दोघांनी आमच्यासमोर एकमेकांशी केलेली तेवढीच काय ती सलगी.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी बाबा पहिली ओळ खाताना मध्येच थांबले. "तिखट लय झालं वं," ते आईला म्हणाले आणि तोंडानं हवा ओढत बसले. आईनं तिखट नेहमीएवढंच घातलं होतं. आम्हाला वाटलं, तोंड आलं असेल. तोंड आलं म्हणजे उष्णता, आणि उष्णतेवर आमच्या घरी दूध, तूप, गुलकंद आणि गालात लावायला कात. हे सगळं महिनोन्‌महिने चाललं. बाबांना भाजीतलं तिखट सोसेना, मग वरणातली फोडणी सोसेना. पोळीचे तुकडे बारीक होत गेले. जांभई देताना ते हनुवटीखाली हात धरायला लागले. आपल्याच घरातलं माणूस रोज समोर जेवत असतं आणि आपण त्याच्या ताटाकडे बघतो, तोंडाकडे बघत नाही.

आईनं मात्र पाहिलं आणि गुन्हेगारही शोधून काढला. तंबाखू. बाबा पानठेल्यावरून सुपारी-तंबाखू-चुना घोटून घेत, पुडीच असायची खिशात. आईनं त्या पुडीविरुद्ध असं रान उठवलं की विचारू नका. खिसे तपासले, रडली, दोन दिवस जेवली नाही, शेवटी देवापुढे हात ठेवायला लावला. बाबांनी तंबाखू सोडली. पण सवय जबड्याला असते. कचेरीत बसल्या बसल्या त्यांना काहीतरी चघळायला लागायचं. त्यावरही आईनं तोड काढली. तिच्या माहेरचा पितळी अडकित्ता होता, तो काढला. चांगली सुपारी आणून ती तुपावर भाजायची, बारीक कातरायची, त्यात ओवा आणि बडीशेप घालायची आणि डब्याबरोबर एक छोटी डबी रोज बाबांच्या खिशात टाकायची.

"सुपारीनं काई होत नाई नं वं?" शेजारणीनं एकदा विचारलं होतं.

"सुपारी आपण देवापुढं ठेवतो. गणपती म्हणून पुजतो," आई म्हणाली. "तिच्यात काय वाईट असन?"

शेजारणीला ते पटलं. मलाही पटलं, कोणालाही पटलं असतं. आमच्या आळीत आईचं नाव झालं. आपल्या नवऱ्याची तंबाखू कशी सोडवावी हे विचारायला बायका तिच्याकडे यायच्या, आणि आई ओट्यावर बसून अडकित्ता चालवता चालवता त्यांना सांगायची. संध्याकाळची वेळ, कट्‌कट्‌ आवाज आणि भाजक्या सुपारीचा तो वास. ती त्या दिवसांत सुखी होती.

पुढच्या पोळ्याला भुट्टा बाबांच्या तोंडात गेला नाही. त्यांनी तो आडवा धरला, तिरपा धरला, मग टोकाकडून लावून पाहिला. तोंड उघडत होतं ते जेमतेम दीड बोट. निखाऱ्यावर राख चढत होती. आम्ही तिघी नेहमीसारख्या बसलो होतो आणि कुठे बघावं हे कोणालाच कळत नव्हतं. बहीण लहान होती, ती म्हणाली, "बाबा, दात लावा नं. मले भूक लागली." बाबांनी भुट्टा मांडीवर ठेवला, अंगठ्याच्या नखानं पहिल्या ओळीतला एकेक दाणा सोलला आणि तो ओठांतून आत ढकलला. एकेक करून सगळी ओळ. मग 'जमलं' न म्हणता भुट्टा आईच्या हातात दिला.

"दात नाई लागला त्याले," बहीण म्हणाली.

"लागला समज," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, गावातली रोगराई घेऊन जाते म्हणून मिरवून जाळतात ती मोठी बाहुली. सगळं नागपूर रस्त्यावर येऊन 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत होतं. दरवर्षी आई आम्हाला गर्दीत जाऊ द्यायची नाही. त्या वर्षी तीच पदर खोचून महाल भागात गेली आणि घसा बसेपर्यंत ओरडून आली. बाबांच्या तोंडाचं दुखणं तिनं मारबतीच्या गळ्यात घातलं होतं. घरी आल्या आल्या तिनं सुपारी भाजायला घेतली, कारण डबी रिकामी झाली होती.

मग एकदाचे बाबा दवाखान्यात जायला तयार झाले. दातांच्या सरकारी दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी बाबांना बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितलं. एक बोट गेलं, दुसरं अडकलं. त्यांनी गालाच्या आतून बोट फिरवलं आणि विचारलं, "तंबाखू खाता?"

आई पुढे झाली. तिच्या आवाजातला तो अभिमान मी कधी विसरणार नाही. "खात होते. मीच सोडवली. आता नुसती सुपारी, तीबी मी घरी कातरून देते."

डॉक्टरांनी हात धुतले. मग हळू आवाजात म्हणाले, "तंबाखू सोडवली ते बरंच केलं, बाई. पण तोंड आवळून टाकते ती सुपारीच."

"नाई नाई," आई म्हणाली. त्यांना नीट समजलं नाही असं तिला वाटलं. "पानठेल्यावरची नाई, घरची हाये. तुपावर भाजलेली."

डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं. सुपारी आत्ताच्या आत्ता बंद करायची. पण बंद केल्यानं तोंड उघडणार नाही. मिटायचं थांबेल, तेही नशीब असलं तर. आणि गालात मागच्या बाजूला एक पांढरा चट्टा आहे, त्यावर लक्ष ठेवावं लागेल. बाबांनी तिथल्या तिथे खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली. आईनं ती उचलली. दवाखान्यात कचरा कसा टाकून जायचा, म्हणून असेल. सायकलरिक्षातून घरी येईपर्यंत ती डबी तिच्या मुठीत होती आणि रिक्षा खड्ड्यातून गेली की आतली सुपारी वाजायची.

त्या दिवसानंतर आई बदलली. तिनं अडकित्ता फेकला असता, डबी फेकली असती, कपाळ बडवून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं यातलं काही केलं नाही. ती फक्त गाळत राहिली. वरण गाळायची, भात शिजवून घोटून गाळायची. त्या मोसमात राहिलेले भुट्टे तिनं किसले, कीस दुधात शिजवला, मलमलच्या फडक्यातून पिळला आणि ते पिवळं पाणी वाटीनं बाबांच्या ओठांशी धरलं. बाबा ते ओढून घ्यायचे. "गोड हाये," म्हणायचे, म्हणजे तसंच काहीसं म्हणायचे. शब्द आता आतल्या आत घोटाळायला लागले होते. फडक्यात उरलेला चोथा आई भिंतीकडे तोंड करून खायची. तेच तिचं जेवण असायचं.

नशीब नव्हतं. हिवाळ्यात तो पांढरा चट्टा चिघळला. त्याचं नाव घरात कोणी घेत नव्हतं, सगळे 'ते' म्हणायचे. मशीनखाली शेकायला नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. मला देवाचा राग आला, डॉक्टरांचा आला, पानठेल्यावर उभं राहून हसणाऱ्या माणसांचा आला. देवापुढच्या तांब्याजवळ ठेवलेली अख्खी सुपारी पाहिली की ती खिडकीतून भिरकावून द्यावीशी वाटायची. आईचा राग मला आला नाही. पण मला तो आला नाही हे तिला पटत नव्हतं, आणि बाबांना आला की नाही हे त्यांनी कधी दाखवलं नाही.

मृग लागला. बाबा खाटेवर असायचे, पण हिंडूफिरू शकत होते. एका सकाळी त्यांनी बियाण्याचं कणीस स्वतःच उतरवलं आणि आईच्या ओटीत टाकलं. बोलायला त्रास होत असे, म्हणून त्यांनी आधी अंगणाकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे.

"मी काहून? हात चांगले हायेत नं तुमचे," आई म्हणाली.

बाबांनी आपल्या मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं. पेरणाऱ्याचा दात पहिला. आईला कळलं, मलाही कळलं. तिनं ओटीतलं ते कणीस उचलून परत त्यांच्या हातात द्यायचा प्रयत्न केला, त्यांनी हात मागे घेतला. असं दोनतीनदा झालं. शेवटी ती रडत रडतच उठली आणि अंगणात गेली. तिला पेरता येत नव्हतं. कुठे दाणे खोल गेले, कुठे एकावर एक पडले. बाबा मागून काठीच्या टोकानं माती सारखी करत गेले. त्या वर्षीसारखा मका आमच्या अंगणात कधी आला नव्हता. भिंतीच्या वर गेला. मला तो उपटून टाकावासा वाटायचा.

पोळा आला, गेला. कणसं भरली तरी आई त्यांच्याकडे बघेना. कच्ची हायेत, म्हणायची. बाबा रोज सकाळी जाऊन नख रोवून यायचे. शेवटी एका दुपारी त्यांनीच कणीस तोडलं, सिगडी झाडली, बाभळीचा कोळसा भरला आणि पाटावर बसले. आम्ही तिघी आपोआप जाऊन बसलो. त्यांच्या अंगावर काही उरलं नव्हतं, मनगट फिरवताना हाड दिसायचं, पण भुट्टा त्यांनी कुठेही काळा होऊ दिला नाही. वास सुटला. त्यांनी लिंबू चोळलं आणि भुट्टा आईपुढे धरला.

आईनं हात मागे बांधले. "याच हातानं सुपारी कातरली म्या," ती म्हणाली. दवाखान्यातून आल्यापासून हे ती पहिल्यांदाच बोलली. "अन् याच हातानं हे पेरलं. मी नाई खात. मले नका लावू दात लावाले."

तेव्हा बाबा बोलायला लागले. त्या दिवसांत ते 'पाणी', 'उठव' एवढंच बोलत, आणि तेही आम्ही अंदाजानंच ओळखायचो. पण त्या दुपारी ते खूप बोलले. मिटलेल्या दातांआडून, लाळ पंच्यानं पुसत, मध्ये दम खात, पुन्हा सुरू करत. मला एक शब्द लागला नाही. त्यांची नजर आईवरून हलली नव्हती. आईही त्यांच्याकडे बघत होती. ते थांबले तेव्हा तिनं हळूच मान हलवली, "हो" म्हणाली आणि भुट्टा घेतला. पहिली ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेजारच्या दाण्याला धक्का न लावता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. मग म्हणाली, "जमलं." आणि भुट्टा माझ्याकडे दिला.

थंडी सुरू झाली आणि बाबा गेले.

त्या दुपारच्या आधारावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. बाबांनी तिला माफ केलं, माफ करण्यासारखं काही नव्हतंच हेसुद्धा सांगितलं असेल, आणि ते तिला समजलं. नवराबायकोला एकमेकांचं न उच्चारलेलंही समजतं असं मी लोकांना सांगायचे. माझ्या नवऱ्यालाही सांगितलं. आई त्यानंतर भुट्टा कधी खायची नाही, 'दात दुखतात' म्हणायची. दात तिचे शेवटपर्यंत शाबूत होते. पण त्याचा अर्थही मी माझ्या सोयीनंच लावला.

बऱ्याच वर्षांनी ती माझ्याकडे राहायला आली होती. मी अंगणात सिगडी पेटवली होती, भुट्टा भाजत होते, ती शेजारी बसून कोळसा पुढे सारत होती. मला फार दिवस विचारायचं होतं ते मी सहज म्हणून विचारलं.

"आई, त्या दिवशी बाबा काय म्हणाले होते वं?"

तिनं आणखी एक कोळसा पुढे सारला. "मले कुठं समजलं," ती म्हणाली.

मला वाटलं, टाळते आहे. "तू मान हलवली होती. हो म्हटलं होतं."

"त्यायले तरास होत होता बोलाले. किती येळ बोलू देऊ?"

"मग नंतर काहून नाई इचारलं? दोनेक महिने होते ते. पाटीवर लिहून दिलं असतं त्यायनं."

आईनं माझ्या हातातला भुट्टा घेतला, कारण माझं लक्ष नव्हतं आणि तो एका बाजूनं जळायला लागला होता. ती तो फिरवत बसली.

"इचारलं असतं," ती म्हणाली, "अन् तुयामुळंच झालं असं लिहून देलं असतं तं?"